नगरच्या नकाशावरचे लाल ठिपके

केडगावात एसटीचं चाक पंक्चर झालं, म्हणून नगर शहरात मी टांग्यातून, अगदी थाटात शिरलो. झोळीत शहराचा नकाशा, रंगीत पेन्सिली आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या होत्या. पुण्यात जाहिरातींची चित्रं काढणारा मी, निघालो होतो ताईसाठी खोली शोधायला. सोलापूरची नोकरी सोडून आलेल्या तिला आता नगरच्या एका शाळेत नोकरी लागली होती. पस्तिशीची, बिनलग्नाची बाई पुन्हा परगावी एकटी कशी राहणार, या काळजीने आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी मात्र छातीठोकपणे सांगून बसलो होतो की खोलीच काय, अख्ख्या शहराचा स्वभाव कागदावर उतरवून आणतो.

युक्ती सोपी होती. गल्लोगल्ली खोली मागायची आणि लोक काय विचारतात ते ठिपक्यांनी टिपायचं. चहापाणी विचारलं तर पिवळा, नसत्या चौकश्या केल्या तर लाल. भाड्यापलीकडे काहीच बोलणं झालं नाही, तर जागा कोरी.

कापडबाजार बघता बघता पिवळा झाला. दुष्काळाचं वर्ष, तरी पाणी विचारल्याशिवाय कुणी सोडेना. चहा तर इतका झाला की शेवटी मीच पळ काढला. माळीवाड्यात दोन्ही रंग निम्मे निम्मे पडले.

तोफखाना भागात हातमागांच्या खटखटीत लाल पेन्सिलीचं टोकच मोडलं. गंगूबाई नावाच्या घरमालकिणीने मला ओट्यावर बसवलं, हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठाचं पातळ गरम माडगं पुढे ठेवलं आणि उलटतपासणी सुरू केली. गाव कोणतं, जात कोणती, बहिणीचं लग्न का राहिलं, सगळं झालं. ताई स्वतःची काळजी घेते, असं मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"घेती वो. पर सांजच्याला उशीर झाला तर तिची वाट कोन बघनार?"

मी माडगं संपवलं, ते झकास होतं, आणि तिथून निसटलो.

सावेडीच्या नव्या वसाहतीत हायसं वाटलं. मोकळी हवा, ऐसपैस खोली. मालकांनी भाडं सांगितलं, किल्ली दाखवली आणि पुन्हा रेडिओला कान लावला. मी मनातल्या मनात ताईचं सामान तिथे लावूनही टाकलं.

पुण्याला परतल्यावर मी आधी गंगूबाईंची नक्कल 'वाट कोन बघनार'सकट करून दाखवली, मग नकाशा पसरून कोऱ्या सावेडीवर ऐटीत बोट ठेवलं. इथे तुला कुणी एका शब्दाने विचारणार नाही, असं ताईला सांगितलं. तिने नकाशा स्वतःकडे ओढला.

"सोलापूरलाही असंच होतं," ती म्हणाली. "तापाने अंथरुणाला खिळले होते. दाराबाहेर वर्तमानपत्रं साचत गेली, पण आत कोणी आहे का, हे कुणी विचारलं नाही."

हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. आईने तिचा हात धरला. मला फार वाईट वाटलं. शहराचा स्वभाव मी बरोबर टिपला होता, पण त्यातलं बरं काय नि वाईट काय, हे माझं मीच ठरवून मोकळा झालो होतो.

ताईचं बोट तोफखान्यातल्या लाल गर्दीवर जाऊन थांबलं.

"या बाईंकडची खोली अजून रिकामी असेल का रे?"