खालून दिसणारी वाचनालयं

त्या डोंगरभागातल्या वाचनालयांत रुबिएलाने जितके तास काढले असतील तितके एखाद्या मास्तरानेही काढले नसतील. पण तिथलं एकही पुस्तक तिने शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. ती वर बघायची. दारं-खिडक्या लावून, अंधार करून, मान मागे टाकून छपरातून उजेडाचा ठिपका येतो का ते शोधायची. ठिपका दिसला की हातातल्या लांब बांबूचं चिंधी बांधलेलं टोक तिथे खुपसायचं. वरच्या माणसाला चिंधी दिसली की तो तिथलं कौल उचलायचा, फुटकं असलं तर बदलायचा, सरकलेलं असलं तर बसवायचा. ऑक्टोबरच्या पावसाआधीची ही शाकारणी ती आणि तिचा नवरा एवेलिओ एकोणतीस वर्षं करत होते. तो वर, ती खाली.

तीन वर्षांपूर्वी एवेलिओ पडला आणि त्याचा गुडघा गेला. तेव्हापासून वर यामिले जाते, त्यांची मुलगी. बावीस वर्षांची.

रुबिएलाला विचारलं असतं तर तिने पाचही वाचनालयं आढ्यावरून सांगितली असती. पहिलं एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात आहे. मधे चौक, चारी बाजूंनी छपराची पाखी चौकाकडे उतरलेली, आणि कोपऱ्यांवर पाणी हमखास वाट काढणार. दुसरं तुरुंगात. कोठड्यांचे गज काढले, पण भिंती हातभर जाड, त्यामुळे आत भर दुपारी गार. छोट्यांची पुस्तकं ज्या कोठडीत आहेत तिथे छपराला इतकी बारीक भोकं असायची की अंधार केला की चांदणं पडल्यासारखं वाटायचं, आणि ती बुजवताना दरवर्षी तिला थोडं वाईट वाटायचं. तिसरं कत्तलखान्यात. मांस टांगायचे आकडे अजून तुळयांना आहेत, त्यांना आता नकाशे लटकतात. चौथं नवं, सिमेंटचं, सपाट माथ्याचं. त्याला राजधानीत कसलंसं बक्षीस मिळालं, आणि पाचांत सर्वांत जास्त गळतं तेच. पण तिथे कौलं नाहीत, म्हणून यांना कुणी बोलावत नाही. पाचवं पेन्याफ्लोरच्या रेल्वे स्टेशनात. गाडी बंद होऊन चाळीस वर्षं झाली. तिकिटाच्या खिडकीतून आता पुस्तकं देतात.

गेल्या वर्षी कत्तलखान्यावरची कौलं उतरवून पत्रे घातले. पाऊस आला की तिथे गोष्ट सांगणारी बाई मधेच थांबते, कारण पुढच्या ओळीतल्या पोरालाही काही ऐकू येत नाही. त्या वाचनालयाला यामिलेची गरज उरली नाही. ही बातमी कळली त्या दिवशी रुबिएलाला जे हायसं वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

यंदा वाचनालयांच्या कचेरीतून प्रत्येक ग्रंथपालाला कागद आला होता: छप्पर शाकारून चालेल की पत्रे घालावे लागतील, ते कळवा. रुबिएलाची नणंद मेदेयीनला शिवणाचा कारखाना चालवते. यामिलेसाठी तिने महिनाअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. यामिले म्हणायची, कौलं आहेत तोवर मी कुठे जात नाही. म्हणजे कौलं नसली की जाईल. एवढं साधं गणित होतं. पेन्याफ्लोरचं स्टेशन सगळ्यांत मोठं. तेच पत्र्याखाली गेलं तर उरलेल्या दोन छपरांसाठी कोण कशाला एवढ्या लांबून बोलावील?

एवेलिओला तिने हे अर्धवट बोलून दाखवलं होतं. तो म्हणाला, पाय कुठे टाकावा याची अक्कल पोरीला माझ्यापेक्षा जास्त आहे. रुबिएला म्हणाली, तुझी अक्कल खाटेवर पडलेली रोज बघतेच आहे मी.

पेन्याफ्लोरला दोघी पहाटेच्या जीपने आल्या. रुबिएलाला रात्रभर झोप नव्हती. हल्ली शाकारणीच्या आदल्या रात्री झोप यायचीच नाही. ग्रंथपाल मार्लेनीने दोघींना गुळाचं गरम पाणी आणि अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी, दिली आणि तो कागद दाखवला. अजून भरायचा होता. मार्लेनी म्हणाली, मला छपरातलं काय कळतंय, रुबिएलाबाई, तुम्ही सांगाल ते लिहीन. रुबिएलाने मान हलवली आणि अरेपा तशीच ठेवली.

स्टेशनाच्या छपराला कौलांखाली कामट्यांचा तट्ट्या आहे. तिथे उजेड दिसत नाही. ओल्या डागावरून अंदाज घ्यायचा, तिकिटाच्या खिडकीकडच्या भिंतीपासून वासे मोजायचे आणि आकडा वर ओरडायचा. डाग वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या पलीकडे होता. रुबिएलाने मोजलं, पुन्हा मोजलं. मानेत कळ आली तशी तिसऱ्यांदा मोजायचं सोडलं.

"अकरावा वासा," ती ओरडली. "आढ्यापासून दोन हात खाली."

"अकरावा," वरून यामिलेचा आवाज आला. मग कौलांवरून सांभाळून टाकलेल्या पावलांची ती ओळखीची टकटक. रुबिएला नेहमीसारखी प्रत्येक टक मोजत राहिली. एवेलिओच्या वेळी तिने कधी मोजली नव्हती.

कडकड झाली. वरून मातीचा लोट आला आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाच्या बरोबर वर तट्ट्यातून एक पाय मांडीपर्यंत खाली आला. निळा बूट, वर चढलेली पॅन्ट, खरचटलेली पिंढरी. पाय हवेत आधार शोधत होता.

 मार्लेनी ओरडली, मग टेबलावर चढून तिने तो पाय खालून दोन्ही हातांनी धरला. वरून यामिले म्हणत होती की मी वाशावर बसले आहे, पडत नाहीये, पाय सोडा म्हणजे मला तो वर घेता येईल. शेवटी पाय वर गेला. थोड्या वेळाने पोरगी शिडीवरून उतरली. पिंढरीवर लांब ओरखडा, केसांत माती. मार्लेनी औषध शोधायला पळाली.

तेव्हाच रुबिएलाला कळलं काय झालं ते. तिकिटाच्या खिडकीकडचं छप्पर भिंतीच्या बाहेर जातं. पूर्वी तिथे सामानाची ओसरी होती. तीन वासे बाहेर आहेत. आतून मोजलेला अकरावा म्हणजे वरून, कडेपासून, चौदावा. ही बेरीज एवेलिओ मनातल्या मनात करायचा. यामिले वर जायला लागल्यापासून त्या बाजूला गळलंच नव्हतं, म्हणून रुबिएलाला ती कधी करावीच लागली नव्हती. आणि वरून अकराव्याजवळ स्टेशनमास्तरच्या शेगडीचं धुरांडं होतं, ते काढून भोक नुसत्या बारीक कामट्यांनी बुजवलेलं. एवेलिओ तिथे पाय टाकत नसे. छप्पर कुजलेलं नव्हतं. मोजणी कुजलेली होती.

मार्लेनी कापूस घेऊन आली आणि ओरखडा पुसता पुसता म्हणाली की आता विचारायलाच नको, छप्पर गेलंच आहे, पोरगी मेली असती. मी आजच लिहिते, पत्रे घाला म्हणून. ती टेबलाशी बसली, कागदावरची माती झटकली आणि लिहायला लागली.

 रुबिएलाला काही बोलायची गरजच नव्हती. इतक्या वर्षांत इतकी सोपी गोष्ट तिच्यासमोर कधी आली नव्हती. ती बाकावर बसली. पाय दुखत होते, मान दुखत होती, आणि वाटत होतं की आता इथेच बसून राहावं, मार्लेनीचं लिहून होऊ द्यावं, मग जीप पकडावी.

यामिले तिच्या शेजारी येऊन बसली. बराच वेळ वरच्या भोकाकडे बघत राहिली. भोकातून आभाळ दिसत होतं, दुपारचं, काळवंडलेलं.

"मीच चुकले गं आई," ती म्हणाली. "बाबा असते तर पाय टाकण्याआधीच त्यांना कळलं असतं. माझ्यात ते नाहीच. आत्याला फोन कर. मी येते म्हणावं."

रुबिएलाने मान डोलावली. तीन वर्षं जे ऐकायची वाट पाहिली ते हेच होतं. फोन एप्रनच्या खिशातच होता. तिने तो काढलाही. पोरीकडे पाहिलं. यामिले स्वतःचे दोन्ही तळहात उलटसुलट करून बघत होती, ते कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे.

हे असं पाठवायचं? उद्या मशीनवर सुई बोटात गेली की म्हणेल, माझ्यात नाहीच.

"तू नाही चुकलीस," रुबिएला म्हणाली. "बाहेर तीन वासे आहेत. मी मिळवले नाहीत. तुझ्या बापाला ठाऊक होतं, मला नव्हतं."

यामिलेने तिच्याकडे पाहिलं. "चौदावा होता?"

"चौदावा."

"मग मी एका धुरांड्याच्या भोकावर उभी राहिले होते."

"हो."

यामिलेने वर भोकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "एकोणतीस वर्षं काय चिंधीच हलवत होतीस?"

"जिभेला आवर घाल," रुबिएला म्हणाली, पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

मार्लेनीचा हात थांबला होता. तिने विचारलं, मग आता काय लिहू? रुबिएलाने डोळे मिटले. उघडले तेव्हाही कागद तिथेच होता. ती म्हणाली की लिहा, वासे शाबूत आहेत, कौलं चांगली आहेत, एक भोक पक्क्या कामट्यांनी बुजवायचं आहे, छप्पर आणखी वीस वर्षं टिकेल. मार्लेनीने आधीचं खोडलं आणि तसं लिहिलं.

पाऊस तासाभरात येणार हे वाऱ्यावरून कळत होतं. भोक उघडं ठेवून चालणार नव्हतं. खाली सगळी वर्तमानपत्रं होती. यामिलेने पिंढरीला फडकं बांधलं, काखेत कामट्या घेतल्या आणि शिडीकडे गेली. आत्याचं काय, हे रुबिएलाने विचारलं नाही. पोरगी एकेक पायरी चढत होती. रुबिएला खाली शिडी धरून उभी राहिली, दोन्ही हातांनी, बोटं पांढरी होईपर्यंत.