आधीच धुतलेले पाय

ईस्टरआधीच्या उपवासकाळात मी दरवर्षी चहा सोडते. सोडल्याचं चारचौघांत सांगणं मात्र सुटत नाही. तेवढ्यावर मी माझी श्रद्धा फार मोठी समजत होते. मागच्या पवित्र गुरुवारी ती केवढी आहे ते कळलं.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या संध्याकाळी आमच्या परभणीच्या चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. आम्ही मोजकीच कुटुंबं, त्यामुळे कुणाला बसवायचं हे आधी ठरतं. या खेपेला फादरनी माझ्या आईला बोलावलं. ती वालूरला असते, अजून रोजाने शेतात जाते. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या डोळ्यांपुढे आले ते तिचे पाय. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा आणि त्यांत बसलेली काळी माती. चर्चमध्ये पुढच्या बाकावर मी शिकवते त्याच शाळेतल्या दोन शिक्षिका बसतात. त्यांच्यासमोर ते पाय दिसायला नको होते.

गुरुवारी सकाळी आई जीपने आली. आल्याआल्या तिला न्हाणीत पाटावर बसवलं, कोमट पाण्याची बादली घेतली आणि वजरीने टाचा घासायला लागले. माती काही निघेना. मी चिडून घासत होते. आईने एकदा फक्त पदराने डोळे पुसले. दुखत असेल, असं वाटलं. तरी मी हात थांबवला नाही.

संध्याकाळी फादर पाण्याची परात घेऊन तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तर तिने पाय आत ओढले.

"फादर, माजे पाय लेकीनं सकाळीच धुतले. जल्मात कुनी धुतले न्हवते. मी भरून पावले. आता दुसऱ्या कुनाला बसवा."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. फादरना गहिवरून आलं. "मग तुमच्या जागी लेकीलाच बसवू," ते म्हणाले.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते आईला ऐकावं लागलं असतं. देव माफ करील ही आशा मला आहे. आईला सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.

मी खुर्चीवर बसले. आई बाजूला उभी राहून कौतुकाने बघत होती. फादरनी पाणी घातलं, आणि माझे गुळगुळीत पाय कुठे लपवू असं मला झालं.