पुढचं कशाला बघायचं

शेजारच्या काकू दुपारी माझ्याकडे सिनेमा बघायला येतात, पण एकही पुरा बघत नाहीत. त्यांना तडकाफडकी काहीतरी करून बसणारी माणसंच आवडतात. कुणी साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकतो, कुणी भरल्या ताटावरून उठून घर सोडते. तो क्षण आला की काकू रिमोट उचलतात. "बास. पुढे नुसता पस्तावा असतो गं. तो कशाला बघायचा?" शेवट कळत नाही म्हणून मी वैतागते. पण आमच्या बालीगंजच्या बिल्डिंगमध्ये मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून गप्प बसते.

परवा काकांच्या बदलीची ऑर्डर पुन्हा आली. संध्याकाळी आम्ही दोघी भाजी घेऊन परतत होतो. "परत खोकी बांधा," एवढंच म्हणून काकू पाय ओढत चालत होत्या. स्टॉपवर कुठलीशी बस थांबली. काकूंनी आपली पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ चढल्या.

"अहो काकू, ही आपल्याकडे जात नाही!" मी ओरडले.

त्यांनी खिडकीतून हात हलवला. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दोन्ही पिशव्या ओढत मी घरी आले. कुणाला काही बोलले नाही. स्वयंपाकाच्या वेळेला भिंतीपलीकडे त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. त्यांची भाजी माझ्याच ओट्यावर होती. ती द्यायला मी गेले नाही.