तुरीच्या डाळीतली काडतुसं

नंदा टिपणीसकडे कुणी पहिल्यांदा आलं की चहाआधी तिची कोठी बघावी लागे. ब्रिस्टलमधल्या त्या चिंचोळ्या घरात जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेला ती कोठी म्हणायची आणि तिचा तिला फार अभिमान होता. तूर, मूग, तांदूळ, गूळ, सगळं वर्षभराचं भरलेलं. प्रत्येक डब्यावर महिना लिहिलेली चिठ्ठी आणि आधी आणलेलं आधी वापरायचं हा कडक नियम. बावीस वर्षं तिनं एका शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. तिथं एकदा पिठात अळी दिसली म्हणून अख्खं पोतं तिनं बाहेर फेकलं आणि हेडमास्तरांनी कारण विचारलं तर त्यांच्यापुढे अळीच धरली. निवृत्त झाली तेव्हा तिच्याबरोबरच्या बायका रडल्या आणि, खरं सांगायचं तर, थोड्या सुटल्याही.

कोठीच्या उजव्या बाजूला काय आहे ते मात्र ती पाहुण्यांना सांगत नसे. बॉयलरचं काहीतरी आहे, म्हणायची. तिथं शशिकांतचं, तिच्या नवऱ्याचं, भिंतीला बोल्टनं पक्कं केलेलं लोखंडी कपाट होतं. आत एक रायफल आणि वेगळ्या कुलपाच्या कप्प्यात काडतुसं. शशिकांत फिल्टनला विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात इंजिनियर होता. कॉलेजात एनसीसीत नेमबाजीची गोडी लागली होती, ती इथं क्लबमध्ये जाऊन त्यानं तीस वर्षं टिकवली. कागदी निशाणाशिवाय त्यानं कशावर गोळी झाडली नाही. चिमणीही त्याला घाबरली नसती.

साठवणीची विद्या त्यानं नंदाकडूनच उचलली होती. काडतुसांच्या खोक्यांवर तारखा घातलेल्या आणि ओल शोषणाऱ्या पुड्या खोक्याखोक्यात ठेवलेल्या. "तुझी डाळ आणि माझी काडतुसं, दोघांना ओल नको नि ऊब नको," तो म्हणायचा. "पण माझी वीस वर्षांनीसुद्धा चालतात. तुझी शिजेल का?" यावर नंदा नाक मुरडायची. कपाटाची किल्ली कुठं असते ते कायद्यानं फक्त त्यालाच माहीत असायला हवं होतं. घरातल्या प्रत्येक डब्याचं झाकण आवाजावरून ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्याच घरातली एक किल्ली ठाऊक नसावी, ही गोष्ट तिला तीस वर्षं सलत होती.

गेल्या वर्षभरात ते सलणं मागं पडलं आणि भीती आली. शशिकांत विसरायला लागला होता. आधी चष्मा, मग वार, मग घरी यायचा रस्ता. हिवाळ्यात छाती भरल्याचं सांगून त्यानं क्लबला जाणं बंद केलं. छाती ठणठणीत होती. रायफलच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म आला, त्यात तब्येतीचा रकाना होता. तो फॉर्म त्यानं वर्तमानपत्रांखाली सारला आणि डॉक्टरची अपॉइंटमेंट दोनदा रद्द केली. फेब्रुवारीत एकदा ती चहा घेऊन खोलीत शिरली, तर त्यानं अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून खोलीत शिरण्याआधी ती मोठ्यानं म्हणायची, "मी आहे हो, नंदा."

कळवायला हवं, हे तिला कळत होतं. पोलिसांच्या परवाना विभागाला फोन केला की दोन माणसं येतील, कपाट रिकामं करून नेतील. मग ह्या माणसाकडे उरेल काय? आणि फोन कुणी केला हे कळल्यावर तो तिच्याकडे कसा बघेल? स्लाऊला राहणाऱ्या मालविकालाही, पोटच्या मुलीला, तिनं काही सांगितलं नव्हतं. आज नको, सोमवारी बघू, असं करत तिनं चार महिने घालवले.

मग जूनमधला तो रविवार आला. न्याहारी आटोपून ती त्या आठवड्यात उघडलेल्या डब्यातली तुरीची डाळ ताटात घेऊन खिडकीशी निवडायला बसली. डाळ कितीही पॉलिशची असो, निवडल्याशिवाय ती चुलीवर ठेवत नसे. बोटाला काहीतरी जड लागलं. खडा नव्हता. करंगळीच्या दीड पेराएवढं पितळी काडतूस होतं, डोक्याला करडं शिसं. तिनं ते टेबलावर ठेवलं. त्याच ताटात आणखी दोन निघाली.

कोठीत जाऊन तिनं तुरीचा डबा जमिनीवर उपडा केला आणि गुडघ्यांवर बसून डाळ चाळली. नऊ. आणि मग तिला देविका आठवली.

देविका इथल्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. आज मंडळाचं जेवण होतं, सत्तर माणसांचं वरण-भात. शुक्रवारी ती ह्याच डब्यातली चार किलो डाळ घेऊन गेली होती. "थांब, निवडून देते," नंदा म्हणाली होती. "अहो ताई, कोण निवडतं आता!" असं म्हणून ती पिशवी उचलून पळाली होती.

नंदानं फोन लावला. देविका उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा नाही. काडतूस कुकरमध्ये उडतं की नाही, तिला ठाऊक नव्हतं. कुणा पोराच्या पानात ते पडलं तर काय होईल, ते मात्र तिला स्वच्छ दिसत होतं. निघायला हवं होतं. पण शशिकांतला कपाटाशेजारी एकटं कसं सोडायचं?

"अहो, चला. हॉलवर जाऊन येऊ."

"आत्ता? जेवण एकला आहे ना?"

"चला म्हणते ना!"

तो मुकाट्यानं बूट घालून गाडीत बसला. सिग्नलला थांबल्यावर नंदाच्या लक्षात आलं की आपण नवऱ्याच्या हातांवर डोळा ठेवून आहोत. तिला स्वतःची लाज वाटली, तरी तिनं डोळे हटवले नाहीत.

हॉलच्या किचनमध्ये डाळ मोठ्या पातेल्यात भिजत होती. अजून चढली नव्हती. नंदानं कार्डिगनच्या बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात त्या पाण्यात घातले.

"ताई, काय झालं? माझा फोन चार्जिंगला होता," देविका म्हणाली. "आर यू ओके?"

नंदा तळ चाचपत राहिली. एक सापडलं. पुष्कळ वेळानं दुसरं. तिनं मूठ मिटली, पण देविकानं बघितलं होतं.

"हे... हे बुलेट आहे?"

"हो. आमच्या घरातलं. ही डाळ सगळी फेक. एक दाणा ठेवू नकोस."

"पण सत्तर लोक येणार आहेत..."

"मग बटाटे वाढव! डाळीवाचून कुणी मरत नाही."

स्वतःचा शब्द तिच्याच कानाला लागला. देविकानं खिडकीतून पार्किंगकडे पाहिलं. गाडीत शशिकांत ताठ बसला होता.

"काका गाडीत एकटे आहेत? ताई, तुम्ही त्यांच्याबरोबर घरी परत जाणार आहात?" देविकाचा आवाज खाली गेला होता. नंदा जे चार महिने मनातल्या मनात म्हणत होती ते दुसऱ्याच्या तोंडून आलं.

ती गाडीत येऊन बसली. दार लावलं. ओली मूठ त्याच्यापुढे उघडली.

शशिकांतनं दोन्ही काडतुसांकडे पाहिलं. "सापडली का?" तो म्हणाला. "बरं झालं."

"तुम्हीच घातलीत? डाळीत? अहो, शिजली असती ती! लेकरांच्या पानात गेली असती!"

"तू निवडल्याशिवाय शिजवत नाहीस ना. म्हटलं, तुला सापडतील."

"मग तोंडानं सांगायचं होतंत!"

"सांगणार होतो. रोज ठरवायचो." तो समोरच्या काचेकडे बघत बोलत होता. "फेब्रुवारीत एक दिवस भानावर आलो, तर रायफल मांडीवर होती. भरलेली. कपाट मी कधी उघडलं, आठवेना. एवढंच आठवत होतं की स्वयंपाकघरात कुणीतरी परकी बाई शिरली आहे आणि भांडी वाजवते आहे."

भांडी तीच वाजवत होती. त्या दिवशी तीच चहा देऊन स्वयंपाकघरात परतली होती.

"मग मी रायफल आत ठेवली आणि काडतुसं लपवली. थोडी इथं, थोडी तिथं. मला सापडू नयेत अशी."

"किती? कुठं कुठं?"

"ते सगळं आठवलं असतं, तर लपवून काय उपयोग झाला असता, नंदा?"

तिनं फोन काढला. पोलिसांचा नंबर दोनदा चुकला. पलीकडून एका बाईचा शांत आवाज आला. नाव विचारलं, पत्ता विचारला, परवाना कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. नंदा सांगत गेली. मग त्या बाईनं विचारलं, "मिसेस टिपणीस, आर यू सेफ ॲट होम?"

नंदानं तोंड उघडलं. चाळीस वर्षांचा संसार मध्ये आला आणि शब्द फुटेना. त्या बाईनं पुन्हा विचारलं.

शशिकांत तिच्याकडे वळला. त्यानं फोन धरलेला तिचा हात धरला, हलकेच आपल्या तोंडाशी नेला आणि कारखान्यात बोलायचा तसा सावकाश, स्पष्ट बोलला.

"नो," तो म्हणाला. "शी इज नॉट. आय लिव्ह विथ हर."