यादीत नसलेली कॉफी

माझ्या २००५ सालच्या डायरीत २९ मार्चला अशी नोंद आहे : सकाळी नऊ वीस, वरच्या मजल्यावरचे टीलिकाइनेन दारात. पायमोजे वेगवेगळ्या रंगांचे.

अकरा वर्षं आम्ही एकाच इमारतीत राहत होतो, पण रेइनो टीलिकाइनेन माझ्या दाराशी आले ते त्या दिवशी पहिल्यांदा. वार्काउसच्या कागद कारखान्यात ते सत्तावीस वर्षं संगणकाच्या खात्यात होते. दोन वर्षांपूर्वी ते खातं बंद झालं. तेव्हापासून त्यांच्या घरातून खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, माणसाचा नाही.

"हेल्वीबाई, तुम्ही नन्सच्या शाळेत शिकलात ना, हेलसिंकीला?" हातातला कागद पुढे करत त्यांनी विचारलं. "हे इंग्रजी बघाल का? माझं इंग्रजी फक्त यंत्राला कळतं."

कागदावर एक तक्रार होती. एका परदेशी कंपनीचं प्रोग्रॅम लिहिण्याचं नवं साधन बाजारात यायचं होतं. त्याआधी त्याची कच्ची आवृत्ती हौशी माणसांना वापरायला दिली होती. चुका शोधा आणि कळवा, मोबदला काही नाही. रेइनोंनी त्यातला एकच भाग घेतला होता. एका संगणकाने नेटवर्कवरून प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि त्यासाठी लागणारी जोडणी या साधनाने आपोआप लिहून द्यायची. त्यांनी एक छोटी सेवा तयार केली होती. रोज सकाळी धक्क्यावर जाऊन ते तळ्याच्या पाण्याचं तापमान मोजत, आणि कोणी विचारलं की ही सेवा तो आकडा सांगे.

"विचारतं कोण?" मी म्हटलं.

"मीच. दोन्ही बाजूंना माझंच यंत्र आहे."

चूक अशी होती. जोडणी ताजी करण्याचं बटण दाबलं की कधीकधी जोडणीची सगळी फाइल कोरी व्हायची. त्यांनी हाताने घातलेल्या ओळीही जायच्या. दोन आठवड्यांचं काम असं दोनदा गेलं होतं. त्यांनी कळवलं, तर उत्तर आलं : आमच्याकडे असे घडत नाही. तक्रार बंद.

"बंद," ते पुन्हा म्हणाले. "म्हणजे मी खोटं बोलतोय. पुढच्या शुक्रवारी दुपारी तक्रारी घेणं थांबतं. त्यानंतर मी खोटाच राहणार."

मी इंग्रजी नीट केलं, पण माझं समाधान झालं नाही. शाळेत सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, काय करायचं होतं ते लिहू नका, काय केलं ते लिहा. मी म्हटलं, "पायऱ्या लिहून काढा. मी त्या तुमच्या यंत्रावर एकेक करून बघते. मला यातलं काही कळत नाही, ते बरंच आहे."

त्यांनी चौदा पायऱ्या लिहिल्या. सोमवारी मी त्यांच्या टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि यादीबरहुकूम बटणं दाबली. फाइल शाबूत. पुन्हा केलं. शाबूत. मंगळवारी तीनदा केलं. यंत्र माझ्याशी अगदी सभ्यपणे वागलं. रेइनो खिडकीशी उभे होते. त्यांच्या मानेचा मागचा भाग लाल झाला होता.

"त्यांचंच बरोबर असेल," ते म्हणाले.

खाली धुण्याच्या खोलीत दुसऱ्या मजल्यावरची आन्नेली भेटली. "काय हो हेल्वी, रोज वर? सौनात वाफ घेण्याच्या पाळ्याही आता एकत्र लावणार की काय?"

"चौदा पायऱ्यांचं काम आहे," मी म्हटलं.

"अगं बाई! माझ्या नवऱ्याला दोनसुद्धा जमत नाहीत."

बुधवारी मी रेइनोंना सांगितलं, "आज तुम्ही करा, एकटे असताना करता तसं. मी इथे नाही असं समजा." कोपऱ्यात बसून मी डायरी उघडली. दहा चाळीसला नववी पायरी झाली. मग ते उठले.

"कुठे निघालात?"

"कॉफी ठेवतो."

"यादीत नाही ती."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू श्वास घेणं यादीत का नाही असं मी विचारलं होतं. "कॉफी काय लिहायची असते? ती असतेच. पाहुण्याला कामाला लावून मी कसा उठणार, म्हणून दोन दिवस घेतली नाही."

आम्ही कॉफी प्यालो, वेलचीच्या पावाबरोबर. आमच्याकडे कॉफी पिताना बोलावं लागत नाही. फक्त एकदा ते म्हणाले, "कारखान्यातले सहाजण फोन करतो म्हणाले होते. केला नाही. म्हणजे बोलण्यासारखं काही नसेल." मी ते लिहिलं नाही, पण लक्षात राहिलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी ते यंत्राशी बसले आणि दहावी पायरी केली.

फाइल कोरी.

ते पडद्याकडे वाकले. मग हळूहळू बोलू लागले, माझ्याशी कमी, यंत्राशी जास्त. वीस मिनिटं कोणी काही विचारलं नाही की सेवा झोपी जाते. हे साधन तिला हाक मारतं, तिच्यापाशी काय काय आहे त्याची यादी मागतं. ती गप्प. मग हे ठरवतं की हिच्यापाशी काहीच नाही, आणि होतं तेही पुसून टाकतं.

"गप्प आहे म्हणजे रिकामी आहे, असं धरून चालतं," ते म्हणाले, आणि थांबले.

गुरुवारी सकाळी आम्ही नवी तक्रार लिहिली. नवव्या पायरीनंतर मी नवी ओळ घातली : कॉफी प्या, पंचवीस मिनिटे.

"हसतील ते."

"हसू देत. पण प्यायल्याशिवाय त्यांना कळायचं नाही."

शुक्रवारी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटांनी उत्तर आलं : घडले. मान्य. दुरुस्त करू. खाली नाव नव्हतं. रेइनोंनी ते छापून घेतलं आणि घडी न घालता खणात ठेवलं. मला वाटलं होतं, आनंदाने काही बोलतील. त्यांनी विचारलं, "हे माणसानं लिहिलंय का हो?"

उन्हाळ्यात कच्च्या आवृत्तीची मुदत संपली आणि ती उघडेनाशी झाली. पुन्हा फक्त खुर्चीचा आवाज येऊ लागला. मी दोनदा वेलचीचा पाव घेऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी दारातूनच आभार मानले.

नोव्हेंबरमध्ये टपालाने एक खोका आला, तयार आवृत्तीचा. सोबत पत्र नव्हतं. रेइनो स्वतःच तो घेऊन खाली आले आणि म्हणाले, "बघायला येता?"

नऊ पायऱ्या झाल्या. आम्ही कॉफी प्यालो, घड्याळ लावून पंचवीस मिनिटं. मग त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक चौकट आली. त्यांनी मला ती दोनदा वाचायला लावली, आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत : पलीकडून उत्तर आले नाही. जुने तसेच ठेवायचे का?

रेइनोंनी 'होय' दाबलं. ओळी जागच्या जागी होत्या.

मग त्यांनी अंगात कोट चढवला आणि खुंटीवरचा तापमापक घेतला. तळ्याच्या कडेला बर्फ धरायला लागला होता. "आजचा आकडा घ्यायचा राहिलाय," ते म्हणाले. "कोणी विचारलं तर असायला हवा."

मी खिडकीतून त्यांना धक्क्याकडे जाताना पाहिलं. डायरीत लिहिलं : दुपारी एक दहा, पाणी एक अंश. विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून ते परत आल्यावर मी जिन्यात उभी राहून विचारलं होतं.