चपला आणि आडनाव बाहेर

"लोणी काळभोरच्या सन्माननीय सदस्या, अध्यक्ष महाराज गेले." सात आठवड्यांपूर्वी बुधवार पेठेचे सदस्य फोनवर एवढंच बोलले. "अध्यक्ष महाराज गेले?" मी ऑफिसातच मोठ्याने म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने माझा चेहरा बघून विचारलं, कोणी राजकारणातले होते का? नाही म्हटलं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून होते.

त्यांचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. आडनावावाचून ज्यांना माणूस कळत नाही, त्यांनी लेख इथेच सोडला तरी चालेल. निवृत्तीनंतर बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना ब्रिटिश पार्लमेंटमधल्या चर्चांचे चार जाडजूड खंड मिळाले. ते वाचताना त्यांना एका गोष्टीची गंमत वाटली. तिथे भांडणारे दोघे एकमेकांशी बोलतच नाहीत, जे काय बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. समोरच्याला नावानेही हाक मारायची नाही, अमक्या गावचे सन्माननीय सदस्य म्हणायचं. एखाद्याने फारच ताळतंत्र सोडलं, तर अध्यक्ष त्याचं नाव घेतात आणि त्याला बाहेर जावं लागतं. नाव घेणं ही तिथे शिक्षा! पुण्यात माणूस ओळख होताच आडनाव विचारतो आणि उत्तर ऐकून खुर्ची द्यायची की नाही ते ठरवतो. त्यांनी आयुष्यभर ते सोसलं होतं. म्हणून खडकीतल्या आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत त्यांनी दर रविवारी सकाळी कॉलेजातल्या मुलामुलींचं सभागृह भरवायला सुरुवात केली आणि दारावर पाटी लावली : 'चपला व आडनाव बाहेर काढून ठेवावे. आत आल्यावर दोन्हींची चौकशी करू नये.'

सगळीकडे कंप्युटरचे क्लास निघत होते, त्या वर्षांत मी रोज गावाहून कॉलेजला यायचे. बोलले की वर्ग हसायचा, म्हणून बोलणंच सोडलं होतं. मैत्रिणीने खडकीला नेलं, तेव्हाही मी भिंतीला टेकून म्हटलं, "मला न्हाय येत बोलायला. आमच्याकडं असंच हाय." हातवाल्या लाकडी खुर्चीतून ते शांतपणे म्हणाले, "लोणी काळभोरच्या सन्माननीय सदस्या बोलायला उभ्या आहेत. सभागृहाने ऐकावं." एकोणिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कोणीतरी अहोजाहो केलं होतं. मी बोलले... काय बोलले ते आठवत नाही, पण कोणी हसलं नाही. आत त्यांच्या पत्नी, आमच्या माई, स्वयंपाक करायच्या. मध्येच आवाज यायचा, "अध्यक्ष महाराजांना कळवा, दूध संपलंय." नियम त्यांनाही लागू होता, आणि नवऱ्याशी भांडायला तो फार सोयीचा आहे असं त्या म्हणायच्या.

एका रविवारी खासगी कंपन्यांत आरक्षण असावं का, यावर चर्चा होती. बुधवार पेठेचे सदस्य तेव्हा वीस वर्षांचे, घरचं टेपरेकॉर्डरचं दुकान, तोंडाने तिखट. माझ्या मुद्द्याला उत्तर सुचेना, तसे माझ्याकडे बोट करून म्हणाले, "आधी हिचं आडनाव विचारा." अध्यक्ष महाराज उठून उभे राहिले. ते उभे राहिले की बाकी सगळ्यांनी बसायचं. मग त्यांनी त्या मुलाचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि ते भारदस्त आडनाव अगदी सावकाश उच्चारलं. एवढंच. तो पडलेल्या चेहऱ्याने पायरीवर जाऊन बसला. माईंनी त्याला बाहेर चहा दिला, पण आत घेतलं नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी तो हजर होता.

नंतर मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. तिथे साहेबालाही नुसत्या नावाने हाक मारायची, आणि जेवणाच्या टेबलावर मात्र हळूच आडनाव विचारायचं. इंग्लंडच्या ग्राहकाशी पहिल्या फोनवर मी सवयीने आमच्या टीममधल्या मुलाला 'माझे सन्माननीय मित्र' म्हणून बसले. पलीकडे हशा. तो गृहस्थ म्हणाला, असं आमच्याकडे त्या एका इमारतीबाहेर कोणी बोलत नाही. मी रागावून खडकी गाठली. म्हटलं, तुम्ही आम्हाला स्वतःचं हसं करून घ्यायला शिकवलंत. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "ती माणसं एकमेकांना सन्माननीय म्हणायची आणि आपल्याला नेटिव्ह. त्यांचा नियम त्यांच्या भिंतीपुरता. आपण तो रस्त्यावर आणायचा." तेव्हापासून ऑफिसात झाडणाऱ्या मावशींपासून डायरेक्टरपर्यंत मी सगळ्यांना अहो म्हणते. हसतात. हसू देत.

ते गेल्यावर एका हॉलमध्ये शोकसभा झाली. एका प्रतिष्ठित वक्त्यांनी त्यांचं आडनाव तीनदा घेतलं आणि गहिवरून म्हणाले, "त्या समाजातून येऊनही किती सुसंस्कृत!" माझ्या अंगाची लाही झाली. मी उभी राहिले आणि वक्त्यांकडे न बघता, हार घातलेल्या फोटोकडे बघून म्हटलं, "अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा आहे. सन्माननीय वक्त्यांनी 'येऊनही' हा शब्द मागे घ्यावा." कोणीतरी मला खाली बसायला सांगितलं. मागून बुधवार पेठेचे सदस्य उठले, आता केस पांढरे झालेले, म्हणाले, "माझं अनुमोदन. या चुकीची शिक्षा मी भोगलेली आहे." वक्ते गोंधळले... आणि त्यांनी शब्द मागे घेतला.

परवा रविवारी आम्ही नऊ जण खडकीला जमलो. पाटी होती, खुर्ची होती, पण सुरुवात कोणालाच करता येईना. बोलायचं कोणाला उद्देशून? हे आता संपलं, असं मी मनात म्हटलंही. तेवढ्यात माई पदराला हात पुसत बाहेर आल्या. खुर्ची जरा खिडकीकडे ओढली, तिच्यात बसल्या आणि आमच्याकडे पाहिलं.

"सगळे उभे काय राहिलात? एका वेळी एकच."

आठ जण बसले. मी उभीच राहिले.

"अध्यक्ष महाराज..."