मार्क द्यायचा खेळ

प्रितम जोगेश्वरीचा. वडील बस डेपोत फिटर, आई अंगणवाडीत. भांडणात तो कधी पडायचा नाही. चार पोरं हसली की हाही हसायचा.

अंधेरीच्या त्याच्या कॉलेजात गेटजवळच्या कट्ट्यावर बसून पोरं येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना मार्क द्यायची. खेळ काढला होता यज्ञेशने. व्हॉलीबॉलचा कॅप्टन, प्रितमचा जिगरी. एखादा पोरगा मऊ बोलला की त्याला ‘बायल्या’ म्हणून हैराण करण्यातही यज्ञेशच पुढे.

एका संध्याकाळी प्रॅक्टिस संपल्यावर दोघं टपरीवर चहा पीत होते. यज्ञेश ग्लासात बघत म्हणाला, “प्रितम, मला मुली नाही आवडत. पोरं आवडतात.”

प्रितमला आधी मस्करीच वाटली. मग म्हणाला, “मग मार्क कसले द्यायचास?”

“कोणाला तरी द्यायलाच लागतात ना. नाहीतर पोरांनी मलाच दिले असते.”

प्रितम जरा सरकून बसला. “म्हणजे… माझ्यावर पण तुझं काही…”

“तुझ्यावर?” यज्ञेश खळखळून हसला. “तोंड बघ जरा आरशात.”

प्रितमला हायसं वाटायला हवं होतं. पण मनाला लागलंच. घरी जाऊन तो खरंच आरशासमोर उभा राहिला. नाक जरा फेंदारलेलंच होतं. कट्ट्यावरून जाताना मुली ओढणी सारखी करत मान खाली का घालतात, हे त्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं, आणि नको तेव्हा आलं म्हणून रागही आला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातली दर्शना कट्ट्यासमोरून गेली. “बोल प्रितम, किती?” कोणीतरी विचारलं.

“मला नाही खेळायचं.”

“का रे? तू पण त्यातला काय?”

सगळ्यात मोठ्याने हसला तो यज्ञेश. प्रितमने त्याच्याकडे बघितलं. ‘नाही’ म्हणावं तर ते यज्ञेशच्याच तोंडावर मारल्यासारखं, आणि ‘हो’ म्हणायला तो तसा नव्हताच. “प्रॅक्टिकल आहे,” म्हणून तो उठला.

त्या दिवसापासून कट्ट्यावर ‘बायल्या’ हे नाव प्रितमचं झालं. चारचौघांत यज्ञेशही त्याला तेच म्हणतो. आणि संध्याकाळी टपरीवर त्याच्यापुढे चहा करतो.

प्रितम तो घेतो. आपण मित्राला सांभाळतोय की मित्र आपल्याला वापरतोय, हे त्याला अजून कळलेलं नाही.